लेबलाखालचं लेबल

रोह्याच्या एका खासगी हॉस्पिटलात मी चार वर्षं फार्मासिस्ट होते. पेणहून रोज जायचे. लहान मुलांसाठी काही औषधं पातळ मिळत नाहीत. मग आम्ही गोळ्या खलात कुटून सिरपमध्ये मिसळायचो आणि बाटलीवर तारीख घालायचो. फ्रिजमध्ये ठेवायचं आणि चौदा दिवसांनी टाकून द्यायचं, असा नियम होता.

फ्रिजवर राज्य मात्र आमच्या फार्मसीच्या इनचार्जचं. औषधांना खेटून त्यांचा बांगड्याच्या कालवणाचा डबा. वीज गेली की आत पाणी साचायचं, त्यातच बाटल्या उभ्या. मी काही बोलले की म्हणायचे, "काय नाय होत गो."

एकदा कासूकडची एक बाई फिट्सच्या औषधाची बाटली घेऊन आली. कडेवर सव्वा वर्षाची पोर, मान टाकलेली.

"मॅडम, रोज टायमावर देते. तरी सकाळपासून दोनदा झटके आले. नि ह्याला वास येतोय."

मी झाकण उघडलं. आंबूस, कुजका भपका आला. तळाशी चोथा घट्ट बसलेला, वर नुसतं पाणी. पोरीला लगेच डॉक्टरांकडे पाठवलं. बाटलीवरच्या लेबलाचा कोपरा सुटला होता, तो नखाने ओढला. खाली दुसरं लेबल, जुन्या तारखेचं. त्याखाली तिसरं, दीड महिन्यापूर्वीचं, माझ्याच अक्षरातलं.

"सर, हे काय?" मी बाटली इनचार्जसमोर धरली.

"अगं, गोळी तीच ना? हलवून दिलं की झालं. किती टाकायचं?" असं म्हणत त्यांनी डबा उघडला आणि जेवायला बसले.

त्यांना लेबलं चिकटवताना मी पाहिलं होतं, पण कधी विचारलं नव्हतं. त्यांच्याइतकीच मला माझीही किळस आली.

फ्रिजमधल्या सगळ्या बाटल्या ट्रेमध्ये भरल्या आणि हॉस्पिटल चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या. त्यांनी नाकाला रुमाल लावला, दोन-तीन लेबलं सोलून पाहिली. "बाहेर बोलू नकोस," एवढंच म्हणाले.

पोरीचे झटके इंजेक्शनने थांबले. तिसऱ्या दिवशी ती घरी निघाली. मी ताजं औषध करून दिलं आणि आईला सगळं खरं सांगितलं. तिने नव्या बाटलीच्या लेबलाचा कोपरा नखाने खरवडून पाहिला.

"तुमच्या पोरीला दिलं असतं काय असलं?"



इनचार्जना फक्त स्टोअरमध्ये हलवलं. त्याच महिन्यात मी राजीनामा दिला.