भोंगामावशीचं आमेन

भोंगामावशीला खालच्या पट्टीत बोलताच यायचं नाही. ती कुजबुजली तरी शेजारच्या वॉर्डातला पेशंट कूस बदलायचा. मिशनच्या त्या इस्पितळात ती अठरा वर्षं आया होती. बेडपॅन देणं, फरशी पुसणं, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवणं, गेलेल्यांचे डोळे मिटवणं, सगळं तिच्याकडे. दिवसातून वीसदा कोणी ना कोणी सिस्टर तोंडावर बोट ठेवून म्हणायची, "मावशी, हळू." भोंगा हे नाव कुणी ठेवलं ठाऊक नाही, पण ठेवणाऱ्याचे कान शाबूत होते एवढं नक्की.

तिचा आवाज एकाच ठिकाणी खपायचा, तो म्हणजे सकाळच्या प्रार्थनेत. रोज आठला सगळा स्टाफ मधल्या दालनात जमायचा. पुढे साहेब, म्हणजे इस्पितळाचे व्यवस्थापक, त्यांच्यामागे डॉक्टर, मग सिस्टर आणि अगदी मागे, बादल्या भिंतीला लावून, आया. साहेब नाहीतर मेट्रन माइकवर प्रार्थना करायच्या आणि ती स्पीकरवरून वॉर्डावॉर्डात जायची. संपली की मागून भोंगामावशीचं "आमेन" उठायचं, आणि त्याच्या मागोमाग बाकीच्यांचं. इतक्या वर्षांत सवयच पडली होती. तिचं आल्याशिवाय कुणाचं तोंड उघडायचं नाही. रात्रपाळीचे डॉक्टर तर त्या आवाजानेच जागे व्हायचे.

आता खरं दुखणं सांगतो. सिस्टरांना बसायला खोली होती, खुर्च्या होत्या. आयांनी डबा खायचा मागच्या जिन्यात, तोही उभ्याने, कारण बसलं की मळक्या चादरींची गाठोडी नेणाऱ्यांची वाट अडायची. मावशीचे गुडघे हल्ली बोलायला लागले होते, आणि तेही तिच्यासारखेच मोठ्याने. एक्स-रेच्या शेजारी मोडक्या ट्रॉल्यांनी भरलेली एक खोली होती. तेवढी आम्हाला द्या, असे तीन अर्ज आयांनी केले. साहेब माणूस वाईट नव्हता. पेशंटच्या उशाशी बसून त्याचा हात धरणारा, भाविक माणूस. पण अर्ज पुढे आला की डोळे मिटून म्हणायचा, "मावशी, आपण यासाठी प्रार्थना करू या." डोळे उघडेपर्यंत अर्ज फायलींखाली गडप झालेला असायचा.

अशात एका सकाळी माइक बंद पडला. पाळी मेट्रनची, आणि मेट्रनचा घसा सर्दीने पार बसलेला. वरच्या वॉर्डापर्यंत आवाज जाईल असं कोण आहे, म्हणून त्यांनी खुणेनेच विचारलं, आणि सगळ्यांच्या माना एकदम मागे वळल्या.

आयाने प्रार्थना चालवल्याचं त्या इस्पितळात कुणी पाहिलं नव्हतं. साहेबांच्या भुवया वर गेल्या, पण आठ वाजून गेले होते. मावशीने एप्रनला हात पुसले, पुढे आली आणि डोळे मिटले. आधी तिने सगळ्या पेशंटांसाठी मागितलं, खाट नंबरासकट. मग म्हणाली, "आणि प्रभू, साहेब म्हणाले खोलीसाठी प्रार्थना करा, म्हणून करते."

साहेबांनी एक डोळा उघडला. पण प्रार्थना मध्येच कशी तोडणार? ऑपरेशन एकवेळ थांबवता येतं.

"तू चालून दमलास तेव्हा विहिरीपाशी बसलास, असं शास्त्रात लिहिलंय," मावशी सांगत होती. "आम्ही अकरा जणी उभ्याने जेवतो. एक्स-रेशेजारच्या खोलीत सात ट्रॉल्या आरामात बसल्यात. त्यांना चाकं नाहीत, कुठे जायचंही नाही. त्यांना मिळतं तेवढं आम्हाला मिळू दे. किल्ली साहेबांच्या टेबलाच्या डाव्या खणात आहे. तुला माहीतच आहे, आपली आठवण करून दिली. येशूच्या नावाने मागते म्हणून ऐक. आमेन."

"आमेन," अख्खं इस्पितळ म्हणालं. सवयीने साहेबांच्याही तोंडून निघून गेलं.

तासाभरात बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "मावशी, प्रार्थना म्हणजे अर्ज नव्हे."

"अर्ज केले होते की साहेब. तुम्हीच प्रार्थना करा म्हणालात."

"देवाला हळू बोललेलंही ऐकू येतं."

"देवाला येतं हो," मावशी म्हणाली. "त्याच्याबद्दल आमची तक्रारच नाही."

साहेबांचा चेहरा लाल झाला. मावशीचं पुढच्या वर्षाच्या नोकरीचं पत्र त्यांच्याकडे सहीला आलंय, एवढंच त्यांनी सांगितलं. मावशीने मनातल्या मनात हिशोब केला: घरी खाणारी तोंडं चार आणि कमावती ही एकटी. उद्यापासून खोलीच्या बाबतीत तोंडाला कुलूप, असं तिने ठरवूनच टाकलं.

दुसऱ्या दिवशी माइक दुरुस्त झाला होता आणि त्याच्यापुढे स्वतः साहेब उभे होते. प्रार्थना लांबली. संयमावरून समाधानावर आली. "आमच्या सेवकांच्या मनातली कुरकुर काढून टाक. आहे त्या जागी आनंदाने उभं राहायला त्यांना शिकव. येशूच्या नावाने मागतो म्हणून ऐक. आमेन."

आणि सगळं सामसूम. मावशीचं तोंड सवयीने उघडलं होतं. आमेन म्हणायचं असं तिने ठरवलंही होतं. पत्र डोळ्यांसमोर होतं. पण आमेन म्हणजे तसंच होवो. आणि तसं मुळीच होऊ नये असं तिला मनापासून वाटत होतं. साहेबांशी खोटं बोलणं जमलं असतं, देवाशी कसं बोलायचं? तिने तोंड मिटलं.

बाकीचे सगळे तिच्यासाठी थांबलेले. साहेब डोळे मिटून उभे. माइक नुसता घूं करत होता.

साहेबांनी घसा खाकरला. "आणि, प्रभू, त्यांच्या अडचणी तू जाणतोस. आमेन."

कुणी हूं की चूं केलं नाही.

"योग्य वेळी त्यांची सोय कर. आमेन."

वरच्या वॉर्डातून, पायाला वजनं टांगलेल्या एका पेशंटाचा आवाज आला, "साहेब, खोलीचं राहिलं."

एक डॉक्टर फसकन हसला आणि खोकल्याचं सोंग करू लागला. साहेबांनी डोळे उघडून मागच्या भिंतीशी बादल्यांजवळ उभ्या आयांकडे पाहिलं. बोलले तेव्हा त्यांचा आवाज माइकवरचा राहिला नव्हता. "प्रभू, किल्ली माझ्याकडे आहे आणि मी यांना तुझ्याकडे मागायला लावलं. मला क्षमा कर. खोली आज उघडतो. येशूच्या नावाने मागतो म्हणून ऐक."

"आमेन," भोंगामावशी म्हणाली. लहान मुलांच्या वॉर्डात दोन बाळं दचकून रडायला लागली.

दुपारी ट्रॉल्या बाहेर गेल्या. खुर्च्या आल्या नव्हत्या, म्हणून अकरा जणींनी पालथ्या बादल्या मांडल्या. डबे उघडले तोच साहेब दारात आले. सगळ्या धडपडून उभ्या राहिल्या. साहेबांनी सही केलेलं पत्र मावशीच्या हातात दिलं आणि म्हणाले, "बसा, मावशी."

साहेब उभे असताना बसायचं कसं, ते कुणालाच कळेना. मग साहेबच एका बादलीवर टेकले, तेव्हा मावशी बसली. पहिला घास तोंडात घातल्यावर तिच्या लक्षात आलं, की अठरा वर्षांत इथे तिने जेवण कधी चावून खाल्लंच नव्हतं, नुसतं गिळलं होतं. तिला रडू आलं, आणि रडत रडतच तिने डबा संपवला.