डेंग्यूच्या गणितात नळच नव्हता

मी अमरावतीत गणित शिकवतो. तीन महिने माझं डेंग्यूचं मॉडेल सपशेल चुकत होतं. मॉडेल म्हणायचं साथ ओसरेल, आणि भातकुलीकडच्या गावात पेशंट वाढायचे.

आज तिथं घरोघरी ताप तपासणाऱ्या आशाताईंना त्यांच्या ओट्यावर बसून आलेख दाखवला. लोक दर सातव्या दिवशी टाकी कोरडी करतात आणि अळ्या डास होण्याआधीच मरतात, असं मी धरलं होतं.

त्या हसल्या. "सर, नळ येते दहाव्या दिवशी. त्याच्या आधी पानी कोन ओतून देते? तुमी देसान काय?"

तिथंच लॅपटॉपवर सातचे दहा केले. रेषा चढली आणि खऱ्या आकड्यांवर जाऊन बसली! मी ओट्यावरून उठून नाचायचाच बाकी होतो.

"बरं झालं," आशाताई म्हणाल्या. "आता नळ सातव्या दिवशी कवा येईन, ते काढा."

तुमच्याकडे नळ कितव्या दिवशी येतो?