टेपखाली काय आहे?

हे मी बाहेर फार कुणाला सांगितलेलं नाही. घरात सगळ्यांना माहीत आहे, पण तो त्यांच्या आनंदाचा विषय आहे, माझ्या नाही. आता हातात चहा आहे आणि तुम्ही चौघं आपलेच आहात, तर ऐकाच, मी एका भिंतीची कशी वाट लावली ते. नुसती भिंत गेली असती तर मी काही म्हटलं नसतं हो, तिच्यापायी माझ्या सख्ख्या भावाचं लग्नही मोडायला निघालं होतं.

आधी माझा स्वभाव सांगतो, नाहीतर तुम्हाला खरं वाटणार नाही. मी तेव्हा साकीनाक्याला एका वर्कशॉपमध्ये तपासनीस होतो. दुसऱ्याने मान मोडून केलेल्या कामात दिवसभर खोट काढायची, हाच माझा धंदा. ती सवय काही फाटकावर जमा करून घरी येता येत नाही. दूधवाला हसला की मला दुधात पाणी दिसायचं. बायको, म्हणजे शालिनी, म्हणायची, "अहो, तुम्ही देवळात गेलात तरी मूर्ती अस्सल आहे का ते बघाल." खोटं कशाला बोलू, एकदा बघितली होती.

सत्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा सुमार असेल. बोरीवलीला आमची एक खोली आणि किचन, त्यात मी, शालिनी आणि माझा धाकटा भाऊ सुधीर. सुधीरचं मुलुंडच्या परबांच्या नीलाशी जमत आलं होतं. मुलगा पसंत, मुलगी पसंत, पत्रिका जुळलेल्या. नीला टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला होती आणि तिची एकच अट होती. दार लागेल अशी खोली हवी, पडदा चालणार नाही. यात चूक काय होतं सांगा?

तेव्हा ठरलं असं की आमच्या खोलीत मधे भिंत घालायची. येत्या रविवारी परबकाका मुलीला घेऊन बघायला येणार. पसंत पडली तर तिथेच बसून लग्नाची यादी करायची. कुणी काय करायचं, मानपान काय, सगळं कागदावर उतरवून दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांच्या सह्या झाल्या की लग्न पक्कं. नाही पसंत पडली तर चहा पिऊन ते परत मुलुंडला. आमचे वडील आधीच गेलेले, त्यामुळे आमच्याकडून वडीलधारा मी.

विटांच्या भिंतीला सोसायटी नको म्हणाली. मग सुधीरने अंधेरीहून एका माणसाला आणलं, रोकडे मिस्त्री. तिकडच्या नव्या ऑफिसांत ते जिप्समच्या बोर्डाच्या भिंती करायचे. बोर्ड म्हणजे काय, तर आत पांढरा चुन्यासारखा गर आणि दोन्ही अंगाला जाड कागद. मी बोटाने वाजवून बघितलं. मनात म्हटलं, ही भिंत आहे की वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर?

मंगळवारी रोकड्यांनी सांगाडा उभा करून कडेला दार बसवलं आणि बोर्ड ठोकले. तीन बोर्ड, म्हणजे वरपासून खालपर्यंत दोन उभे सांधे. काम सरळ होतं, मी ओळंबा लावून बघितलं. खोट सापडली नाही, आणि खोट सापडली नाही की माझा संशय वाढतो.

बुधवारी मी चक्क रजा टाकली, या माणसावर नजर ठेवायला. सकाळी रोकडे आले, पांढरा मसाला कालवला, सांध्यात भरला आणि वरून कागदाची एक लांब टेप दाबून बसवली. रुंद पट्टीने त्यावर पातळ हात फिरवला. एका तासात हात धुऊन निघाले.

मी विचारलं, एवढंच? ते म्हणाले, आज एवढंच. उद्या वाळल्यावर दुसरा हात, याच्यापेक्षा रुंद. परवा तिसरा, आणखी रुंद. मग घासायचं आणि रंग.

"फट एका केसाएवढी आणि तुम्ही फूटभर मसाला फासणार?" मी म्हटलं.

"फूटभर फासला म्हणूनच केसाएवढी फट दिसणार नाही, साहेब," ते म्हणाले. "फक्त उद्यापर्यंत हात लावू नका."

झालं. हात लावू नका! तुम्ही मला सांगा, ज्याचं काम चोख आहे तो माणूस हात लावू नका कशाला म्हणेल? वर्कशॉपमध्ये ज्याने ज्याने मला हात लावू नका म्हटलं, त्याचा त्याचा माल मी परत पाठवलेला आहे. शिवाय कागद! भिंतीवर कागद चिकटवतो तो काहीतरी झाकायलाच ना? माझ्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. खाली बोर्ड तडकला असणार. किंवा कमी पडला असणार आणि मधे याने रद्दी कोंबली असणार.

शालिनी ऑफिसात, सुधीर कामावर. दुपारपर्यंत मी कसाबसा दम धरला. मग स्टुलावर चढलो आणि डावीकडच्या सांध्याच्या टेपचं टोक नखाने जरासं उचललं. फक्त टोक. पण टोकाखाली काही दिसेना, म्हणून आणखी वीतभर. करता करता केळ्याच्या सालीसारखी ती टेप गुडघ्यापर्यंत सोलून आली.

खाली काय होतं? काही नव्हतं हो. सरळ, स्वच्छ सांधा, मसाल्याने भरलेला. असा सांधा आमच्या वर्कशॉपमध्ये आला असता तर मी पहिल्या फटक्यात शिक्का मारून पास केला असता.

टेप परत दाबली, तर ती खाली लोंबायला लागली. मसाला अर्धवट सुकून भुगा होऊन पडत होता. दुसरा कुणी असता तर खाली उतरून मिस्त्रींना निरोप धाडला असता. पण मी कोकणातला माणूस. गणपतीचं मखर दरवर्षी मी करतो, मैद्याच्या खळीने कागद चिकटवण्यात मला कोण शिकवणार? आणि आमच्या आजोबांच्या घराच्या भिंती चुन्यात गूळ घालून बांधलेल्या, अजून हललेल्या नाहीत. तेव्हा मी स्टोव्हवर खळ शिजवली, आणि मजबुती यावी म्हणून त्यात लिंबाएवढा गुळाचा खडा विरघळवला. खडा छोटा वाटला, म्हणून आणखी एक.

टेप झकास चिकटली. वरून लाटणं फिरवलं. उरलेला पांढरा मसाला पाण्यात कालवून वर पोतारा मारला आणि लांब उभा राहून बघितलं. मलाच कळेना कुठला सांधा मिस्त्रींचा आणि कुठला माझा.

गुरुवारी रोकड्यांनी पट्टी लावण्याआधी दोन्ही सांध्यांवरून बोट फिरवलं. डाव्या सांध्यावर ते थांबले. इथे कुणी हात लावला होता का, असं त्यांनी मला विचारलं. आता बघा, त्या क्षणी मी हो म्हटलं असतं तर त्यांनी टेप काढून तासाभरात नवी बसवली असती. पण तपासनीस माणूस, माझीच तपासणी मला कशी चालावी?

"नाही बुवा," मी म्हटलं. "तुमचाच मसाला कमी-जास्त झाला असेल."

त्यांनी पुन्हा एकदा बोट फिरवलं. हा सांधा ओला लागतोय, आणखी दोन दिवस द्या, म्हणाले. मी म्हटलं, रविवार पुढे जाणार नाही. मग त्यांनी निमूटपणे काम पुढे चालू केलं. शुक्रवारी शालिनीने गूळ कुणी संपवला म्हणून विचारलं, तेव्हा मी नुसतं सुधीरकडे बघितलं. त्याला लग्नाआधीच गोड सुचतंय असं म्हणून ती हसली, आणि मी पण हसलो. नीच माणूस!

शनिवारी भिंत घासून झाली, पिस्ता रंग चढला. खरं सांगतो, एवढी गुळगुळीत भिंत मी जन्मात पाहिली नव्हती. सुधीर सारखा त्या खोलीचं दार उघडत होता आणि लावत होता.

रविवारी दहाला परबकाका आणि नीला आले. रोकडेही आले होते, त्यांचं स्टूल न्यायला आणि दिवसाच्या उजेडात काम कसं दिसतंय ते बघायला. मी दार उघडून पाहुण्यांना ऐटीत आत नेलं. परबकाका भिंतीसमोर उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.

पिस्ता रंगावर, जमिनीपासून वरपर्यंत, एक काळी रेघ होती. आणि ती चालत होती.

मुंग्या! गुडघ्याजवळच्या एका बारीक चिरेतून शिरलेल्या आणि रंगाला फुगवून वरपर्यंत बाहेर येत असलेल्या. मी ओळंबा लावला असता तरी इतकी सरळ रेघ आली नसती.

"वसंतराव," परबकाका हळूच म्हणाले, "भिंत नवीन आहे ना?"

सुधीरचा चेहरा उतरला. आणि मी काय केलं असेल? वळलो आणि रोकड्यांवर तुटून पडलो. तुमच्या मसाल्यात भेसळ आहे, पहिल्या दिवसापासून मला संशय होता, ती टेप कशासाठी होती ते आता सगळ्यांना कळू द्या, असं बरंच काही बोललो.

रोकड्यांनी पिशवीतून पट्टी काढली. तिने टेपचं टोक उचललं. खालून तपकिरी चिकट थर आला. तो त्यांनी पट्टीच्या टोकावर घेऊन शालिनीपुढे धरला.

"वहिनी, जरा वास घ्या."

शालिनीने वास घेतला. "गूळ," ती म्हणाली. आणि यावेळी तिने सुधीरकडे बघितलं नाही.

मला भिंतीतल्या त्याच चिरेत शिरावंसं वाटलं. पण तिथे आधीच गर्दी होती. मग मी सगळं कबूल केलं, टेप, खळ, गूळ, लाटणंसुद्धा. रोकड्यांची माफी मागितली, मनापासून मागितली. सुधीर माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्यामुळे याचं लग्न मोडलं, एवढंच मला दिसत होतं.

तेवढ्यात नीला पुढे झाली. बोर्ड तीन आहेत तर दुसरा सांधा कुठे आहे, असं तिने रोकड्यांना विचारलं.

"शोधा," ते म्हणाले.

तिने उजव्या बाजूच्या भिंतीवरून तळवा फिरवला. खालून वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग डोळे मिटून पुन्हा फिरवला. सांधा काही सापडला नाही. ती वडिलांकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, खोली चालेल. मिस्त्रींनी केली आहे तेवढी."

सुधीरने इतका मोठा श्वास सोडला की मला रडू आलं. चहा आला, परबकाकांनी फुलस्केप कागद काढला आणि यादी सुरू झाली. साखरपुडा कुठे, हॉल कुणी बघायचा, जेवणाला किती पानं. शेवटी नीला त्यांच्या कानात काहीतरी बोलली आणि त्यांनी आणखी एक कलम लिहून मोठ्याने वाचून दाखवलं.

"भिंतीचा बिघडलेला भाग रोकडे मिस्त्री नव्याने करतील. काम वाळेपर्यंत मुलाच्या थोरल्या भावाने त्या खोलीत एकटं थांबू नये."

सगळ्यांना मान्य. रोकड्यांनासुद्धा. आता मुलाकडून सही कुणाची? वडीलधाऱ्याची. मी मान खाली घालून सही केली आणि कागद परत दिला.

परबकाका उठले, खिडकीशी गेले आणि माझी सही उजेडात धरून बराच वेळ बघत उभे राहिले.