केसपेपरवर न लिहिलेलं गाव

"कॅन्सर नाही," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "व्हिसरल लिशमनियासिस आहे. आपल्या भाषेत काळा आजार. यावर औषध आहे. फक्त तीन आठवड्यांपूर्वी कळलं असतं तर बरं झालं असतं."

माझी धाकटी बहीण वैशाली रडायला लागली. नातेवाईक मला घरातला रेडिओ म्हणतात, पण त्या दिवशी रेडिओ बंद होता. कारण तीन आठवडे का गेले, हे मला माहीत होतं.

वैशालीची मुलगी ईश्वरी सहा वर्षांची. आमचे दाजी पुलाच्या बांधकामावर सुपरवायझर, म्हणून दोन वर्षं तिघंही बिहारात, गंडक नदीकाठच्या एका गावात राहिले. भाड्याच्या खोलीला लागूनच मालकाचा मातीचा गोठा. ईश्वरीचा मुक्काम खोलीत कमी आणि गोठ्यातल्या वासराजवळ जास्त. तिथेच तिला ताप येऊ लागला. मी इथून फोनवर गरजलो, "तिकडे काय दाखवत बसता? नाशिकला आणा. इथे एकाला दहा हॉस्पिटलं आहेत!"

दाजी कामावर अडकलेले. मायलेकी आल्या.

इंदिरानगरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. वीस वर्षं लोकांचे फॉर्म भरून देतो. तेवढ्या बळावर मी स्वतःला अर्धा वकील समजतो. कागदाला कागद जुळला पाहिजे, हा माझा धर्म. रेशनकार्डावर इंदिरानगर, म्हणून केसपेपरवरही इंदिरानगर. वैशालीला कोपराने ढोसून म्हणालो, "बिहारचं नाव काढू नकोस. मोफत उपचारांच्या योजनेचा अर्ज अडकेल."

पहिल्याच दिवशी मॅडमनी विचारलं, "मुलगी कुठे बाहेरगावी राहिली होती का?"

वैशालीने माझ्याकडे पाहिलं.

"छे हो, जन्मापासून इथलीच," मी म्हणालो. वर द्राक्षांवरच्या फवारण्या आणि हल्लीचं भेसळीचं दूध यांवर माझी मतंही ऐकवली. सगळं सांगितलं, सांगायचं तेवढं सोडून.

मग तपासण्या सुरू झाल्या. मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, टायफॉइड निगेटिव्ह. पहिल्या निगेटिव्हला आम्ही खूश झालो. तिसऱ्याला एकमेकांकडे बघणं टाळलं.

ताप चढायचा, घाम येऊन उतरायचा, पुन्हा चढायचा. पोरीचे हातपाय काटक्या झाले आणि पोट मात्र फुगलं. सोनोग्राफीत स्प्लीन खूप वाढलेली दिसली. स्प्लीन म्हणजे प्लीहा, आमची आई तिला पाणथरी म्हणायची. रक्तातल्या तिन्ही प्रकारच्या पेशी कमी झाल्या होत्या, त्याला पॅनसायटोपेनिया म्हणतात. हा शब्द नीट म्हणता यायला मला दोन दिवस लागले. तोवर नाकातून रक्त येऊ लागलं होतं.

बाहेरच्या बाकाचा एक पाय आखूड होता. शेजारचा उठला की मी कलंडायचो. नंतर नंतर तर कलंडलो तरी सरळ व्हायचा कंटाळा यायचा.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, नाही ना ते बघावं लागेल." बोन मॅरो तपासायचं ठरलं. कमरेच्या हाडात सुई घालून आतला मगज काढतात. जागा बधिर करतात, पण बधिर करायचंही इंजेक्शनच असतं.

ते बघून ईश्वरी किंचाळली, "हमरा घरे जाए के बा! गोलू लगे जाए के बा!"

मॅडमचा हात थांबला. "ही कुठली भाषा? आणि गोलू कोण?"

मी तोंड उघडणार, तोच वैशाली बोलली. "वासरू आहे, मॅडम. घरी त्याच्याकडे जायचं म्हणतेय. आम्ही दोन वर्षं बिहारात होतो, गोठ्याशेजारी." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "दादा म्हणाला होता, सांगू नको."

मॅडमनी मला ओरडायला हवं होतं. त्या ओरडल्या नाहीत. बोन मॅरो झाली, आणि सोबत काळ्या आजाराची आरके-थर्टीनाइन टेस्टही झाली. बोटातून थेंबभर रक्त घेऊन एका पट्टीवर टाकायचं, एवढंच. थोड्या वेळात पट्टीवर दोन रेषा उमटल्या, म्हणजे पॉझिटिव्ह. मगजातही आजाराचे जंतू सापडले.

मॅडमनी समजावून सांगितलं. वाळूमाशी डासाहून लहान असते, ओल्या मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यांत राहते. तिच्या चावण्यातून हा आजार होतो, रुग्णाला शिवल्याने नाही. "तिकडच्या गावांत दोन आठवडे ताप हटला नाही की आशाताई आधी ही पट्टीच बघायला पाठवतात," त्या म्हणाल्या.

म्हणजे जिथे हा आजार आशाताईंनाही माहीत, तिथून पोरीला उचलून मी अशा ठिकाणी आणलं, जिथे तो सहसा कुणाच्या मनातही येत नाही. आणि यायचं एकच कारण होतं, बिहार, तेही मीच खोडून ठेवलं होतं.

"अजून उशीर झाला असता तर?" मी विचारलं.

"ते आता नको," मॅडम म्हणाल्या.

लायपोसोमल अ‍ॅम्फोटेरिसिन हे औषध सरकारी साठ्यातून यायला दोन दिवस लागले. ते दोन दिवस वैशाली माझ्याशी बोलली नाही. सलाईनमधून एकच डोस दिला. त्यानंतर चौथ्या दिवशी ईश्वरीचं कपाळ गार लागलं आणि तिने मिसळीतली फक्त शेव मागितली. वैशाली मला म्हणाली, "दादा, घेऊन ये." एवढंच, पण बोलली.

तुमच्या घरात मूल असं तापाने खितपत असेल, तर डॉक्टरांना सांगा: ते कुठे राहिलं, कुठे झोपलं, कोणत्या जनावराशी खेळलं. लाज, अर्ज, रेशनकार्ड सगळं नंतर.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. प्लीहा जागेवर आली होती. हा आजार मागाहून कातडीवर उमटू शकतो, पुढे कधी अंगावर फिके चट्टे दिसले तर लगेच या, असं मॅडमनी बजावलं. त्याआधी खिडकीवर नवा केसपेपर भरायचा होता. सवयीने पेन माझ्या हातात आलं. मी ते वैशालीला दिलं.

तिने इंदिरानगर लिहिलं. त्याखाली बिहारातल्या त्या गावाचं नाव लिहिलं. रकान्यात मावेना, तशी समासात गेली. ईश्वरी टाचा उंचावून बघत होती. म्हणाली, "आई, गोलूचा गोठा पण लिही."

रेषेबाहेर लिहिणाऱ्या गिऱ्हाइकांवर मी वीस वर्षं खेकसत आलोय. तिचं लिहून होईपर्यंत मी गप्प उभा राहिलो.