धोंडप्पाचं म्यान

आमच्या बोळात लग्न निघालं की पत्रिका छापायच्या आधी सुरी ठरायची. सुरी म्हणजे धोंडप्पाच्या घरची, त्याच्या आजोबांच्या काळातली. वीतभर पातं आणि बाभळीच्या लाकडाची मूठ. नवरदेवाला हळद लागली की तिच्या टोकाला लिंबू टोचायचं आणि ती त्याच्याकडं द्यायची. तिथून अक्षता पडेपर्यंत लोखंड अंगावेगळं करायचं नाही, असा रिवाज. जेवताना, झोपताना, परसाकडं जाताना सुरी संगं. बिचारे फडक्यात गुंडाळून कमरेला खोचायचे. लिंबू कुठल्या कुठं पडायचं आणि टोक मांडीत जायचं. माझ्या दोन्ही दिरांनी तीच सुरी वागवली, दोघंही लंगडत बोहल्यावर चढले. आमच्याकडं त्याचं कुणाला नवल नव्हतं.

मी फुलाबाई. माझं दार आणि धोंडप्पाचं दार समोरासमोर, मधे गटार. सगळं काही माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण जे पाहिलं नाही ते त्याच्याच तोंडून ऐकलंय. बोळातल्या चार तोंडांवर मी विसंबत नाही. त्या तोंडांशी माझी भांडणं झालीत.

धोंडप्पा चादरीच्या कारखान्यात मागावर होता. घरात कानडी, आमच्याशी मराठी, मागावरच्या लोकांशी तेलुगू, आणि तिन्हीत मिळून दिवसाला मूठभर शब्द. बायको नागव्वा. एकुलता पोरगा चनमल्ला, गिरणीत बदली कामगार होता. त्याचं लग्न बोळाच्या टोकाच्या रत्नम्माच्या रुद्राणीशी ठरलं. दुष्काळ संपून वर्ष झालं होतं, लोकांच्या घरात दाणे आले होते, म्हणून लग्नही जरा हात सैल सोडूनच मांडलं होतं.

हळद लागली. दुपारी चनमल्ला आत चुलीपाशी जेवायला बसला तर त्याला मांडी घालता येईना. मूठ बरगडीत रुतायची, टोक जांघेत. दोन घास खाल्ले की कण्हायचा. धोंडप्पा म्हणाला, "आण ती हिकडं. जेव निवांत." आणि आपल्या हातानं सुरी काढून कोनाड्यात ठेवली. पोरगं पोटभर जेवलं. वाजंत्रीवाले अजून आले नाहीत, बघून येतो म्हणून सायकल काढून सात रस्त्याच्या चौकाकडं गेलं. सुरी कोनाड्यातच राहिली. वळणावर ट्रक आला. अंगाला हळद होती तशीच माती द्यावी लागली.

धोंडप्पा रडला नाही. माती देतानाही नाही. कारखान्यात गेला, आला, भाकरी खाल्ली, भिंतीला टेकून बसला. नागव्वाही तशीच. त्या घरातून भांड्याचा आवाज यायचा, माणसाचा नाही. मी कालवण घेऊन जायची, बसायची, रिकामं भांडं घेऊन परत यायची.

आणि बोळ बोलायला लागला. माणूस ट्रकखाली गेला तर ट्रकवाल्याला बोलावं की नाही? नाही. बोलले कुणाला तर रुद्राणीला. पांढऱ्या पायाची म्हणे. अक्षता पडायच्या आधीच नवरा खाल्ला म्हणे. नळावर तिची घागर लागली की बाया आपली घागर मागं ओढायच्या. मी एकीची घागर उचलून गटारात ओतली, मग माझ्या देखत कुणी बोलायचं थांबलं. माझ्या माघारी बोलतच होते. चांगली स्थळं यायची, बोळाच्या तोंडाशी पानाच्या ठेल्यावर चौकशी करायची आणि तिथूनच परत जायची.

कोनाड्यातल्या सुरीचं मात्र कुणालाच माहीत नव्हतं. धोंडप्पाला आणि नागव्वाला, दोघांनाच.

मग धोंडप्पानं सुरीच्या म्यानाचा उद्योग सुरू केला. कारखान्यातून चादरीच्या जाड काठाच्या पट्ट्या आणायचा, चार पदरी करून दाभणानं शिवायचा. आत बांबूच्या दोन चपट्या कांब्या, म्हणजे टोक बाहेर यायला नको. त्यात सुरी घालून स्वतःच्या अंगावर बांधायचा आणि दिवसभर वागवायचा. आधी पाठीला बांधली, तर आडवं होता येईना. काखेत दोरीनं अडकवली, तर दोरी गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्यात गुंतायची, आणि लिंगाला लोखंड लागलेलं त्याला चालेना. मांडीला बांधली, तर चालताना आपटायची. प्रत्येक वेळी उसवायचा आणि पुन्हा शिवायचा. पोरं त्याला सुरीआप्पा म्हणून चिडवायला लागली. तो मान वर करायचा नाही.

शेवटी त्याला जमलं. डाव्या कुल्ह्याच्या जरा मागं, करदोड्याला एकाच बंदावर लोंबती. उभं राहिलं की सरळ, बसलं की आपोआप आडवी होऊन कुल्ह्याला चिकटते. टोकाशी लिंबासाठी वेगळी लहान पिशवी. मला ओट्यावर बसून दाखवलं. मांडी घातली, वाकला, कुशीवर झोपला, उठला.

"टोचत न्हाय," म्हणाला.

"बरं झालं की," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पोरगं गेल्यापासून त्याची सुरी कुणी नेत नव्हतं. बोळातली लग्नं दुसरीकडून सुरी आणून होत होती, आणि हे त्यालाही दिसत होतं. तरी तो ते म्यान अंगावर घालूनच कामाला जायचा.

दोन वर्षांनी रुद्राणीला अकलूजचं स्थळ आलं. पोरगा साखर कारखान्यात कामाला, वडील सिद्धलिंगप्पा. पोरगी पसंत पडली, बोलणी झाली, आणि ठेल्यावर कुणीतरी आपला धर्म पाळून पांढऱ्या पायाचं सांगितलं. पण हा सिद्धलिंगप्पा तिथून परत गेला नाही. सरळ धोंडप्पाच्या ओट्यावर येऊन बसला. मी पाणी घेऊन गेले आणि तिथंच थांबले. रत्नम्मा माझ्या दारात उभी, पदर तोंडात धरून. हे स्थळ गेलं तर पुन्हा कुणी येणार नाही, हे तिला आणि साऱ्या बोळाला ठाऊक होतं.

"मालक," सिद्धलिंगप्पा म्हणाला, "तुमचं पोरगं गेलं. तुमच्याहून खरं कोण सांगणार? पोरगी अपशकुनी हाय का? तुमी न्हाय म्हणा, मी सुपारी फोडतो. व्हय म्हणा, आल्या वाटेनं जातो."

धोंडप्पानं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. मग बाजारभाव सांगावा तशा सपाट आवाजात बोलला.

"पोरीचं काय न्हाय. खोट माझ्या हाताची हाय. हळदीच्या पोराच्या कमरेची सुरी मी काढली. जेवताना टोचत व्हती म्हणून. कोनाड्यात ठिवली, परत द्यायचं ध्यानात ऱ्हायलं न्हाय. तो तसाच गेला. पोरगी तवा तिच्या घरात व्हती."

ट्रकवाल्याला सुरी दिसली असती आणि त्यानं ब्रेक मारला असता, असं मला काही वाटत नाही. पण माझ्याच पोराला हळद लागेल तेव्हा मी सुरी काढू देईन का? नाही देणार. त्यामुळं मी तोंड मिटून उभी राहिले.

सिद्धलिंगप्पा पाणी प्याला. "पोरगी केली," म्हणाला. "पण मालक, राग मानू नका. ह्या घरची सुरी न्हाय चालायची आमाला. आमची आमी आणू."

"बरं," धोंडप्पा म्हणाला.

नागव्वा आत भाकरी थापत होती. मी गेले तर हात न थांबवता म्हणाली, "मला ठाव व्हतं. मी बघितलं व्हतं की काढताना. ते कवा बोलतात ह्याचीच वाट बघत व्हते. मला त्यांचा राग बी आला न्हाय, फुला. काय बी आलं न्हाय. नुसत्या भाकरी करत व्हते."

बोळानं काय केलं? रुद्राणीला सोडलं आणि धोंडप्पाला धरलं. बापानंच पोर घालवलं म्हणायला लागले. नळावरच्या त्याच बाया. मी भांडायला गेले तर धोंडप्पानंच मला अडवलं. म्हणाला, "बोलू द्या. पोरीवरचं निघालं न्हवं."

अकलूजला हळदीचे कपडे पाठवायच्या आदल्या सकाळी रुद्राणी त्याच्या दारात आली. चनमल्ला गेला त्या दिवसापासून तिनं ह्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. मी ओट्यावर जोंधळा निवडत होते.

"मामा," म्हणाली. लग्न झालं असतं तर तो तिचा मामा, म्हणजे सासराच. "तुमचं म्यान पाहिजे."

"त्यांना न्हाय चालायचं," धोंडप्पा म्हणाला.

"सुरी त्यांची ऱ्हाऊ दे. म्यान मला द्या. त्यांची सुरी मोठी हाय, पत्रिका द्यायला गेलेल्या काकांनी माप आणलंय." तिनं मुठीतली सुतळी पुढं केली. "ते बी जेवायला बसतील. त्यांना बी टोचंल. मला भ्या वाटतं, मामा. मी रात्रंदिस तेच बघते. कपड्यात घालून पाठवते, सासऱ्यांनी विचारलं तर मी सांगीन."

धोंडप्पानं सुतळी घेतली. कमरेचं म्यान सोडलं, शिवण उसवली, आणि कामावर न जाता दाभण घेऊन बसला. रुद्राणी उंबऱ्यावर बसून राहिली. दुपारी म्यान तिच्या हातात दिलं.

लग्न बोळातच होतं. वऱ्हाड सकाळी आलं, मुहूर्ताआधी न्याहारीला पंगत बसली. धोंडप्पाला आवतण होतं, पण तो मंडपात गेला नाही. बाहेर खांबाला धरून उभा राहिला, नागव्वा माझ्यापाशी. नवरदेव पाटावर आला. डाव्या कुल्ह्यामागं आमच्या चादरीचा लाल काठ दिसला. सिद्धलिंगप्पानंही पाहिलं असणार, त्यानं मान दुसरीकडं वळवली. नवरदेवानं मांडी घातली. म्यान आडवं झालं. गव्हाची गोड हुग्गी वाढली, त्यानं खाल्ली, पुढं वाकून पुन्हा मागितली आणि शेजाऱ्याशी हसत हसत तीही खाल्ली. हात एकदासुद्धा कमरेकडं गेला नाही.

धोंडप्पा खांब धरून खाली बसला आणि रडायला लागला. हळू नाही, मोठ्यानं, पोर गेलेल्या माणसासारखा. पंगतीतले घास थांबले. कुणीतरी म्हणालं, शुभकार्यात हे काय, उठवा त्याला. नागव्वा गर्दीतून गेली, त्याच्याजवळ जमिनीवर बसली आणि तीही रडायला लागली. त्यांना उठवायला निघालेल्यांच्या आडवी मी उभी राहिले. रत्नम्मानं मंडपातून एकदा दोघांकडं पाहिलं आणि सनईवाल्याकडं वळली.

"थांबू नका," म्हणाली. "जोरात वाजवा. त्यांचं होईस्तोवर वाजवा."