चेण्याला मुलगे, गच्चीवर मुली

आम्ही निवृत्त शिक्षक जमलो की आधी गुडघ्यांची चौकशी होते, मग कोणाची सून कुठे नोकरी करते त्याची. दुसऱ्या चहाला कोणीतरी स्काउटचा विषय काढतं आणि मग उठायचं कोणी नाव घेत नाही. वर्गात काय शिकवलं ते आम्हाला आठवत नाही, मुलांना तर नाहीच. पण कॅम्पला कोण कुठे पडलं, कोणाच्या खिचडीत वाळू गेली, हे सगळ्यांना पाठ. असे किस्से साठवावे लागत नाहीत, ते साठतातच. माझी अडचण एवढीच की त्यातले बरेचसे कांबळे सरांचे आहेत. माझ्या वाट्याचे थोडे, आणि त्यातही कांबळे सर आहेतच.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागे आमची मराठी शाळा. हेडमास्तरांना आम्ही मोठे सर म्हणायचो. त्यांनी आम्हा दोघांना एकाच दिवशी ऑफिसात बोलावलं. कांबळे सर नांदेडकडचे, गणित शिकवायचे, उंच आणि आवाज मोठा. त्यांना स्काउट मास्तर केलं. मी रत्नागिरीची, मराठी शिकवणारी. मला गाईड कॅप्टन. ट्रेनिंग दोघांचं सारखंच झालं. तंबू ठोकायच्या परीक्षेत तर माझा तंबू त्यांच्या आधी उभा राहिला होता. हे मी अजून सांगते, कारण दुसरं कोणी सांगत नाही.

त्या थंडीत मुलांचा कॅम्प चेणे गावाला ठरला. नदी, झाडी, डोंगर, सगळं. मी मोठ्या सरांना म्हटलं, मुलींनाही नेऊ या. ते म्हणाले, "मॅडम, मुलाचा हात मोडला तर पालक भांडून घरी जातात. मुलीचा मोडला तर तिच्या लग्नाचं मला विचारतील."

मुलींचा कॅम्प शाळेच्या गच्चीवर झाला.

*

गच्चीत खुंटी ठोकता येत नाही. आम्ही तंबूच्या दोऱ्या पाण्याच्या टाकीच्या पाइपाला आणि विटांना बांधल्या. दुपारी खाडीवरून वारा सुटला आणि तंबू विटांसकट सरकत कठड्यापर्यंत गेला. तिथे विटा अडकल्या, तंबू मात्र पलीकडे गेला. शेजारच्या बिल्डिंगमधल्या गुजराती बेनने गॅलरीत पापड वाळत घातले होते. थोड्या वेळाने त्या दारात उभ्या. रागावल्या नव्हत्या, पण चेहरा गंभीर. "टीचर, आपका तंबू हमारे पापड पे बैठा है."

माझी पेट्रोल लीडर, म्हणजे तुकडीची प्रमुख, वैशाली. नववीतली, काटक, कमी बोलणारी. ती जाऊन तंबू घेऊन आली आणि सोबत ओंजळभर पापडाचे तुकडेही. ते आम्ही कॅम्पफायरला भाजले. कॅम्पफायर म्हणजे स्टोव्ह.

त्याच दिवशी चेण्याला कांबळे सरांची मुलं नदीत डुंबत होती.

*

सोमवारी ती पोरं शाळेत आली. नाकं सोललेली, अंगाला अजून धुराचा वास. त्यांच्यातला एक सुनील दोरीवरून नदी ओलांडताना पडला होता. सोमवारी गोष्टीतलं पाणी गुडघाभर होतं. बुधवारपर्यंत ते कमरेला लागलं. शनिवारी त्यात भोवरा आला आणि कांबळे सरांनी कपड्यांसकट उडी घेतली. मी स्वतः सरांना विचारलं. ते म्हणाले, "उडी कसली मॅडम, हात दिला फक्त. चप्पल पण भिजली नाही माझी."

पण मुलींना ते ऐकायचंच नव्हतं. मधल्या सुट्टीत सगळ्या सुनीलभोवती गोळा. मला त्या भोवऱ्याचाही हेवा वाटला. माझ्या मुलींना पडायला कोणी जागाच दिली नव्हती.

*

एक मात्र झालं. बाहेर जायचं नाही म्हटल्यावर आम्ही गच्चीवर गाठी आणि बँडेजच करत बसायचो. हात एवढे बसले की जिल्ह्याच्या मेळाव्यात प्रथमोपचाराची ढाल आमच्या मुलींनी आणली. फोटोवाला आला. मोठे सर मध्ये उभे राहिले, म्हणाले, स्काउटवाल्या सगळ्यांनी या. कांबळे सर उंच म्हणून मागे, मी बुटकी म्हणून कडेला. फोटो धुऊन आला तर कडेला माझा एक खांदा आणि पदर. कांबळे सर मात्र अख्खे, ढालीच्या बरोबर वर.

तो फोटो ऑफिसात लागला. मी पगाराची सही करायला जायची तेव्हा दर वेळी त्या खांद्याकडे बघायची.

*

ढालीमुळे पुढच्या वर्षी एका दिवसाच्या सहलीला परवानगी मिळाली. भाईंदरच्याच पश्चिमेकडच्या चौक गावाला, समुद्रावर. अट एकच, सोबत पुरुष शिक्षक हवा. आता कोण येणार ते सांगायला नको.

बसमधून उतरल्यापासून मुली त्यांच्याभोवती. सर, ही बोट कुठे जाते, सर, भरती कशी ओळखायची. मी मागून पाण्याचा कॅन खांद्यावर घेऊन. बोंबील वाळत घालणारी एक म्हातारी थांबून बघत राहिली. मग मला म्हणाली, "बाय, तू जेवनवाली हाय का?"

मुली हसल्या. कांबळे सर हसले नाहीत. ते मागे आले, माझ्या खांद्यावरचा कॅन उचलला आणि दिवसभर स्वतः वाहिला. तेवढ्यानेही मुलींनी त्यांचंच कौतुक केलं. सर किती चांगले आहेत ना, मॅडम.

चांगले होतेच. तीच तर अडचण होती.

*

शेवटी त्याच वर्षी चेण्याची वेळ आली. पालकांच्या सभेत मोठ्या सरांनी धोक्यांची यादी सुरू केली. दगड, पाणी, साप. मागून वैशालीची आई उठली. त्या रायगडच्या, एका कारखान्यात पॅकिंगला जायच्या. म्हणाल्या, "सर, टँकर आला की ही दोन हंडे घेऊन तीन मजले चढते. तेव्हा कोणी परवानगी मागत नाही."

मोठ्या सरांनी यादी तिथेच आवरली. एका दिवसाचा कॅम्प, दोरी फक्त गुडघाभर पाण्यावर, आणि सुरक्षिततेसाठी कांबळे सर.

नदीवर पोचताच सरांनी मुलींना ओळीत बसवून सूचना दिल्या. ओल्या दगडावर पाय ठेवायचा नाही, हे सांगताना ते ओल्या दगडावर उभे होते. पाय सटकला, ते पडले आणि घोट्याचा आवाज आम्हाला काठावर ऐकू आला.

माझ्या डोक्यात दोनच गोष्टी आल्या. एक सरांचा पाय, आणि दुसरं म्हणजे आता मुली पुन्हा कधी गच्चीखाली उतरणार नाहीत. मी वैशालीकडे बघितलं. ती केव्हाच लाठ्या गोळा करत होती. मी पायाला काठ्यांचा आधार बांधला, मुलींनी दोन लाठ्यांना सतरंजी गुंडाळून स्ट्रेचर केलं, आणि त्या थोराड माणसाला उचलून शेतातून हमरस्त्याकडे निघाल्या. दमल्या की खांदे बदलायच्या, स्ट्रेचर खाली टेकू न देता. सर झोपल्या जागेवरून सूचना देत होते. डावीकडून घ्या, बांध आहे, हळू. वैशाली पुढे बघतच म्हणाली, "सर, पेशंटने बोलायचं नसतं."

रस्त्यावर एका टेम्पोवाल्याने घेतलं. दवाखान्यात डॉक्टरांनी पायाचं बांधलेलं बघून विचारलं, आधी कुठल्या डॉक्टरकडे नेलं होतं?

पुढच्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी मोठे सर माइकसमोर आले. ते म्हणाले, कांबळे सरांच्या मार्गदर्शनाखाली आपल्या मुलींनी मोठं धाडस दाखवलं, दरवर्षी मुलींचा कॅम्प आता चेण्यालाच होईल.

प्लास्टरातला पाय स्टुलावर ठेवून कांबळे सर खुर्चीत बसले होते. ते कुबडी टेकून उठले आणि माइक मागून घेतला.

"सर, मार्गदर्शन मॅडमचं होतं," ते म्हणाले. "मी फक्त पाय दिला."

अख्खं मैदान हसलं. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेचनात. माझ्या सगळ्या मुली कांबळे सरांकडे बघून वाजवत होत्या, आणि सगळ्यात जोरात वैशाली.