एक थेंबही गळायला नको

आमच्या कंपनीत लाईनवर बोलायला बंदी. डोळे भिंगाला, हातात रबराचं सील, तोंड बंद. त्यामुळं दिवसभराचं बोलणं पोटात साचतं आणि सुट्टी झाली की कंपनीच्या बसमध्ये एकदम फुटतं! बस जालना एमआयडीसीच्या बाहेर पडेस्तोवर एखादा किस्सा होऊन गेलेला असतो. नवीन पोरी विचारतात, "ताई, हे खरं हाय का?" आता काय सांगू? मी लागले तेव्हा एकच शेड होती आणि समोर लोकांची ज्वारी. आज शेडमागं शेड उभी आहे, आणि इथं बनलेली सिलं कुठल्या कुठल्या देशांतल्या गाड्यांत बसून फिरतात. हे तरी कुठं खरं वाटतं!

*

पहिला किस्सा मशिनी यायच्या आधीचा. मी मुलाखतीला आल्ते. मे महिना, जालन्याचं ऊन, शेडवर पत्रे. जपानहून ओगावा सान आले होते. 'सान' म्हणजे आपलं 'राव' समजा. सोबत आमचे प्लांट मॅनेजर देशमुख साहेब आणि फरशीचं काम केलेला कंत्राटदार.

ओगावा सान चालत शेडच्या मधोमध गेले, इकडंतिकडं पाहिलं, आणि धाडकन पालथे पडले! गाल फरशीला.

"ऊन लागलं साहेबाला! कांदा आणा, कांदा!" वॉचमन ओरडत पळाला. त्यानं बुक्कीनं कांदा फोडला आणि नेऊन थेट साहेबाच्या नाकाला लावला.

ओगावा सान जोरात शिंकले. गाल तसाच फरशीला ठेवून एक डोळा उघडला आणि म्हणाले, "फ्लोअर... नो लेव्हल."

कंत्राटदार हसला. मंग लेव्हल लावून पाहिली, तर एका कोपऱ्यात खरंच उतार! नखाएवढा, पण होता. अख्खी फरशी उखडून नवी टाकली.

जाताना कंत्राटदार वॉचमनला म्हणे, "ह्या माणसाच्या गालात मशीन हाय का काय!"

*

आमचं गाव तीर्थपुरी. मी कंपनीत लागल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "पोरी, तुमी तिथं बनवता काय?"

मी म्हणलं, "मामा, रबराची कडी असती. इंजिनातलं ऑइल बाहेर येऊ देत न्हाई अन् बाहेरची धूळ आत जाऊ देत न्हाई."

"कडी? बांगडीवानी?"

"हो."

त्यांनी माझ्या हातातल्या बांगड्यांकडं पाहिलं. "जपानी माणूस समुद्र ओलांडून जालन्याला बांगड्या करायला आला?"

त्या वर्षी ऐन पेरणीत आमचा ट्रॅक्टर बंद पडला. खालून सगळं ऑइल जमिनीत. ढग भरून आलेले, शेजाऱ्यांची पेरणी चालू, आणि आमचा ट्रॅक्टर मधोमध उभा. मिस्त्री घनसावंगीहून आला. त्यानं खोलून एक फाटकी कडी बाहेर काढली, खिशातून नवी काढून बसवली, ऑइल भरलं आणि चावी फिरवली. ट्रॅक्टर चालू!

सासऱ्यांनी ती फाटकी कडी उचलली. धोतराला पुसली. उन्हात धरून आरपार पाहिली. मंग माझ्या नवऱ्याला हाक मारून म्हणाले,

"ये, बघ इकडं. ह्या बांगडीनं हत्ती धरून ठिवला होता!"

*

आता आमच्या दुश्मनाचा किस्सा. सुरुवातीला सिलं रिजेक्ट होत. भिंगाखाली पाहिलं की रबराच्या कडेवर केसासारखी बारीक रेघ. मशीन बराबर, रबर बराबर, साचा बराबर. मंग ही रेघ येती कुठून?

ओगावा सान रोज प्रत्येकाच्या मागं उभे राहून निरखायचे. एका सोमवारी माझ्यामागं आले, थांबले, आणि चिमट्यानं माझ्या टोपीच्या कडेतून काहीतरी अलगद काढलं. पांढरा धागा, त्या रेघेएवढाच बारीक. मी रविवारी गावाकडं वेचणीला गेल्ते.

"व्हॉट धिस?"

"कापूस," मी म्हणलं. वाटलं, गेली नोकरी!

ते चिडले न्हाईत. म्हणाले, "शो मी." पुढच्या रविवारी देशमुख साहेबांच्या गाडीत बसून थेट आमच्या शेतात हजर! कापूस असा फुटलेला की नजर जाईल तिथवर पांढरं. ओगावा सान बांधावर उभे राहिले. वाऱ्यावर उडणारा कापसाचा एक पुंजका त्यांच्या बाहीला येऊन चिकटला. तो त्यांनी काढला न्हाई.

सासऱ्यांनी चहा पुढं केला, तरी त्यांचं लक्ष नव्हतं. ओगावा सान देशमुख साहेबांकडं वळून म्हणाले,

"अवर एनिमी... व्हेरी ब्यूटिफुल."

त्यानंतर कंपनीला दुहेरी दारं बसली, दारात चिकट पायपुसणं आलं, आत जाण्याआधी अंगावर हवेचा झोत आला. रेघ गेली. दुश्मन अजून तिथंच फुलतो.

*

ओगावा सान मराठी आमच्याकडूनच शिकले. ते कसलं मराठी, हे सांगायलाच नको!

एकदा जपानहून त्यांचे मोठे साहेब आले. ओगावा सान वाकून एका मशीनचं झाकण काढत होते. मागून मोठ्या साहेबांनी जपानीत काहीतरी घाई केली. ओगावा सान कामात इतके गढलेले, की मान वर न करता म्हणाले,

"जरा थांब की! करून राह्यलो ना!"

सगळ्या लाईनच्या माना भिंगात घुसल्या. मोठ्या साहेबांनी देशमुख साहेबांना विचारलं, हे काय म्हणाले?

देशमुख साहेब म्हणाले, "सर, ही इज नाऊ फ्रॉम जालना."

*

आता परीक्षेचा किस्सा. एका मोठ्या गाडीकंपनीची ऑर्डर मिळणार होती. अट एकच: आमचं सील गरम तेलात, मशीनवर, दिवसरात्र फिरवायचं. एक थेंबही गळायला नको. पास झालं तर दुसरी शेड. न्हाई झालं तर ऑर्डर दुसऱ्या देशात, आणि आम्ही कंत्राटी बाया घरी.

माझ्या शेजारच्या टेबलावर भोकरदनची मीना बसायची. तिच्या घरात कमावणारी ती एकटी. ती रोज जाता-येता टेस्टिंग रूमच्या काचेला नाक लावायची. आत मशीनखाली पांढरा कागद पसरलेला असायचा. देशमुख साहेबांना तर चैनच न्हाई. दर थोड्या वेळानं आत जाऊन मशीनखाली वाकायचे.

शेवटच्या दिवशी गाडीकंपनीची माणसं आली. दार उघडलं, मशीन थांबवलं, आणि कागदावर थेंब!

ओला, गोल, ताजा थेंब.

आम्ही सगळ्या बाहेरून काचेला चिकटलेल्या. मीनानं माझं मनगट असं धरलं की नखं रुतली. पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

ओगावा सान गुडघ्यावर बसले. थेंबाला बोट लावलं. हुंगलं. आणि मंग, आई गं, ते बोट जिभेला लावलं!

उठले. मशीनकडं न्हाई, देशमुख साहेबांच्या कपाळाकडं पाहिलं. तिथून घाम टपटप गळत होता.

"सील ओके," ओगावा सान म्हणाले. "देशमुख-सान लीक!"

दुसरी शेड उभी राहिली ती ह्या वाक्यावर.

*

आणि हा मीनाचा.

कंपनी वाढत गेली. मीनाला ट्रेनिंगसाठी जपानला पाठवलं. संभाजीनगरच्या पुढं न गेलेली बाई थेट विमानात! तिथं रबर दाबायच्या एका जुन्या प्रेसवर तिला एक म्हातारी शिकवायची, तोमिको सान. ह्या बाईनं लग्नाआधीपासून त्याच एका मशीनवर काम केलेलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तोमिको सान मीनाचा हात आपल्या हातात धरून मशीनच्या दांड्यावर ठेवायची आणि किती दाबायचं ते दाबून सांगायची.

ती लाईन तिकडं बंद होणार होती. मशीन जालन्याला यायचं होतं. शेवटच्या दिवशी तोमिको सान मशीनसमोर उभी राहिली आणि जपानी लोक नमस्कार करतात तशी कमरेत वाकली. बराच वेळ वाकलेलीच राहिली. मीनाला कळेना काय करावं, मंग तीही शेजारी तशीच वाकली.

पेटीतून मशीन आमच्याकडं आलं, बसलं, चालू झालं. दसऱ्याच्या आधी खंडेनवमीला कंपनीत सगळ्या मशिनींची पूजा असते. त्या दिवशी मीनानं मशीन पुसलं, झेंडूचा हार घातला, आणि ओगावा सानांना म्हणाली, "तोमिको सानला दाखवायचं हाय."

ओगावा सानांनी व्हिडिओ कॉल लावला. तिकडं एक लहानसं स्वयंपाकघर दिसलं, आणि टेबलाशी तोमिको सान. मीनानं फोन मशीनसमोर धरला. झेंडू, हळद, नारळ, आणि मागं आम्ही सगळ्या बाया. तोमिको सान खुर्ची ओढून पडद्याजवळ सरकली.

मीनानं फोन आपल्याकडं वळवला. तोमिको सानचा चेहरा पडद्यावर मोठा झाला. मीनानं ताटातल्या कुंकवात बोट बुडवलं, मशीनला लावलं, आणि मंग तेच बोट फोनच्या काचेवर टेकवलं, बराबर तिच्या कपाळावर.

तिकडं तोमिको साननं हात वर नेला आणि आपलं कपाळ चाचपून पाहिलं.